राखीव, टप्पा चौथा

माझ्या टेबलावर २०६५ सालचं विद्यापीठ पसरलंय.
उडू नये म्हणून तीन कोपऱ्यांवर
पंच मशीन, मायलोचा मग, झडपेचं गंजकं चाक,
आणि चौथ्यावर माझं कोपर.
हरमाटन सुटला की खिडकीच्या फटीतून
सहाराची पूड येऊन बसते कागदावर.
मी फुंकर मारतो,
आणि पुन्हा दिसू लागतं ते ग्रंथालय
ज्याची अजून वीटही भाजलेली नाही.

आक्राहून आलेल्या डाड्झीबाईंनी रंग ठरवून दिलेत:
वसतिगृहं पिवळी, पाणी निळं, वीज तांबडी,
आणि पूर्वेकडचा तो मोठा करडा तुकडा:
राखीव, टप्पा चौथा.
‘तिथे आत्ता काय आहे?’ त्यांनी विचारलं होतं.
‘काही नाही,’ मी म्हणालो.
ते खोटं नव्हतं.
नकाशात काहीच नव्हतं.

फुसैनी मार्चमध्ये निवृत्त होतोय.
चौदा किलोमीटर पाणी त्याच्या डोक्यात आहे,
कागदावर फक्त नऊ.
उरलेल्या पाचासाठी रोज सकाळी
मी चुन्याची पिशवी घेऊन त्याच्या मागे चालतो.
तो टाच आपटतो. ‘इथे. सहा इंची.
त्याखाली अजून एक आहे, मेलेली,
कोणी पुरली विचारू नकोस.’
मेसच्या मागे मात्र तो बराच वेळ उभा राहिला,
एकदा डावीकडे आपटली, एकदा उजवीकडे,
मग म्हणाला, ‘उद्या सांगतो, वुम्पिनी.’
उद्या दोनदा येऊन गेला.

करड्यात शियाची झाडं आहेत, एकशे अकरा.
मी मोजली, कुणी सांगितलं नव्हतं.
जूनमध्ये अंधारातच बायका येतात,
कपाळाला टॉर्च, डोक्यावर घमेलं,
आणि साप असेल म्हणून आधी काठीने गवत झोडतात.
अझारा कांपोनबिला त्यांच्यात सगळ्यात वयस्क.
एकदा ती थेट ऑफिसात आली,
मगाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं,
‘ह्यात आमची वाट कुठंय?’
मी बोट ठेवलं. बोटाखाली उपकेंद्र होतं.

मी तिला टप्पे समजावले, पंचवीस वर्षं, चाळीस वर्षं.
म्हटलं, दुसरीकडे लावू या रोपं.
ती हसली. ‘शिया कोण लावतं?
नांगरताना रोप आडवं आलं
तर आम्ही बैल वळवतो.
माझ्या सासऱ्याने वळवला,
त्याच्या बापाने वळवला.
झाड तेवढ्यानेच होतं.’
मग घमेलं उचलून,
जाता जाता माझ्या टेबलावरची धूळ
पदराच्या टोकाने पुसून गेली,
मी लहान असल्यासारखी.

काल मुख्य जलवाहिनी ओढली.
पट्टी ठेवून, सरळ, करड्यातून आरपार.
पेन्सिल अर्ध्यावर आली
आणि त्या जागी झाड क्रमांक चाळीस.
फाटे एवढे खाली की बायका त्याला टेकून
चप्पल झटकतात.
मी पट्टी उचलली.
चार मीटर जास्त नळ, दोन एल्बो,
दाबातही थोडी घट.
एल्बो म्हणजे कोपरच की.

आज डाड्झीबाईंचा फोन:
‘हे वळण कशाला? खर्च वाढतोय.’
मी म्हणालो, ‘जमीन तशी आहे, बाई.’
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: खडक.

कधीतरी, मी नसताना,
कुणीतरी तो कागद वाचून तिथे खणेल.
खडक लागणार नाही.
मुळं लागतील.
तो उठून इकडे तिकडे पाहील,
टाच आपटून बघेल,
आणि मला मूर्ख म्हणेल, किंवा
सावलीत बसून
डबा उघडेल.

फुसैनीने अजून सांगितलेलं नाही
मेसच्या मागे काय आहे.
तिथे मी तुटक रेघ काढून ठेवलीय.
पुढे प्रश्नचिन्ह.